पिशवीतली निळी वायर

चाचा कॉम्प्युटरच्या पुढे कधी बसले नाहीत. कुणाच्याही घरी दुरुस्तीला गेले की चपला दारात काढायच्या, सरळ टेबलामागे जायचं आणि भिंतीला पाठ टेकून फरशीवर बैठक मारायची. घरातलं कुणी खुर्ची पुढे केली तर म्हणायचे, "खुर्ची तुमची, तुम्हीच बसा. पुढून समदेच चांगले दिसतात. दुखणं मागं असतंय."

मूळचे ते रेडिओ मेकॅनिक. रेडिओ मागूनच उघडतात, तीच सवय टीव्हीला लागू केली आणि पुढे कॉम्प्युटरला. मागे बसून ते हिरवा दिवा लुकलुकतो का ते बघायचे आणि पुढे बसलेल्याला काय टाइप करायचं ते सांगायचे. पडद्यावर काय उमटलं ते आपण वाचून दाखवायचं. आमच्यासारख्या मास्तरांनाही चाचा असे तोंडी परीक्षेला बसवायचे.

त्या वर्षांत तुम्ही लातूरला राहिला असाल तर आमची गल्ली तुमच्या डोळ्यांपुढे येईल. दर दोन घरांआड एक क्लास, आणि जिथे क्लास नाही तिथे क्लासच्या मुलांसाठी खोल्या. भूकंपानंतर गावाकडचं घरदार सोडून इथे आलेले लोक, मुलांना डॉक्टर करायला निघालेले लोक, सगळे आमच्याच चार रस्त्यांवर. आम्हा क्लासवाल्यांच्या घरी मग एकाचे दोन कॉम्प्युटर झाले. एक खाली, एक वर. खालची फाइल वर न्यायला फ्लॉपी हातात घेऊन जिना चढायचा, आणि वर पोचल्यावर फ्लॉपी उघडायची नाही. मी तर चढउतार करून गुडघे दुखवून घेतले होते. चाचांनी दोन्ही कॉम्प्युटर वायरने जोडून दिले तेव्हा आमच्या हिने देवापुढे साखर ठेवली.

जोडणं सोपं होतं, जोडलेलं टिकवणं अवघड. आज दिसणारी फाइल उद्या गायब व्हायची. मग चाचांना निरोप जायचा. त्यांची तपासायची एक ठरलेली रीत होती आणि तिला त्यांनी स्वतःचे शब्द दिले होते. आधी दिवा. मग हाक, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला हाक मारून बघायची, ओ येते का. मग मोहल्ला. दोघांचा मोहल्ला एकच पाहिजे, एकाच्या मोहल्ल्याचं नाव वेगळं लिहिलं गेलं की शेजारी असूनही ते एकमेकांना ओळखत नाहीत. सगळ्यात शेवटी इजाजत, म्हणजे आपलं फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडू द्यायची परवानगी. ज्या फोल्डरला इजाजत दिली असेल त्याच्या चित्राखाली एक पसरलेला हात दिसायचा. "हात आला का?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न असायचा. हात आला की काम झालं.

मी रसायनशास्त्र शिकवतो. क्रम न सोडता तपासणारा माणूस मला आवडतो. चाचांसारखा मी दुसरा पाहिला नाही.

आता निळ्या वायरीकडे येतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. त्यांच्या सूनबाई बी.एड. करत होत्या आणि आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आपली पाठ टाचणं लिहायच्या. हेडमास्तर बाहेरच्या कॉम्प्युटरवरून ती उघडायचे आणि दुरुस्त करायचे. विचारून नव्हे, आपलं कर्तव्य म्हणून. सूनबाई सकाळी बघायच्या तर पाठाचा हेतूच बदललेला. एके दिवशी त्यांचं फोल्डर हेडमास्तरांना दिसेनासं झालं आणि चाचांना बोलावणं गेलं. हेडमास्तरांना काहीही करताना प्रेक्षक लागायचे, म्हणून मलाही बोलावलं.

दिवा ठीक, हाकेला ओ आली, मोहल्ला एकच. चाचा उठले, आतला कॉम्प्युटर बघून येतो म्हणाले आणि पाच-दहा मिनिटांनी परत आले. मग खांद्यावरच्या पिशवीत हात घालून त्यांनी हातभर लांबीची एक निळी वायर काढली. मधोमध काळी टेप गुंडाळलेली.

"वायर खराब होती, सर. बदलली."

हेडमास्तरांनी फोल्डर उघडून बघितलं. सगळं वाचता येत होतं, पण एक अक्षर बदलता येत नव्हतं. हे काय म्हणून त्यांनी विचारलं तर चाचा शांतपणे म्हणाले, "नवी वायर जरा कमजोर हाय. वाचण्यापुरतीच ताकद हाय तिच्यात." जन्मभर विज्ञान शिकवलेल्या हेडमास्तरांनी मान डोलावली.

खरा प्रकार सूनबाईंनी नंतर आमच्या हिला सांगितला. फोल्डर त्यांनीच वैतागून बंद केलं होतं, वायरीला काही झालंच नव्हतं. चाचांनी ते बघितलं, रागावले नाहीत, की कारण विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पूर्ण बंद पाहिजे का, बेटी, का नुसता हात लावू द्यायचा न्हाई?" आम्ही नवरा-बायको दोन दिवस हसत होतो. त्या निळ्या वायरीची खरी किंमत मला तेव्हाच कळली होती. तरी पुढे माझं जे झालं ते झालंच.

माझा धाकटा भाऊ माझ्याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. तो वर राहायचा, मी खाली. आमच्या घरातली सगळी वायर त्यानेच बाजारातून आणली होती आणि चाचांच्या बरोबरीने जिन्याच्या कडेने ठोकली होती. क्लासची पाटी मात्र माझ्या नावाची. नोट्सच्या पुस्तिकांवर नाव माझं. आतले निम्मे प्रश्न त्याने काढलेले असायचे, पण मी मोठा, मी सुरू केलेलं, त्यात काय नाव लावायचं, असं मला वाटायचं. त्यालाही तसंच वाटतं असं मी धरून चाललो होतो.

एका दुपारी जेवताना तो म्हणाला की जूनपासून आपला वेगळा क्लास काढायचा विचार आहे. मी बरं म्हणालो. तो हात धुऊन वर गेला आणि मी कॉम्प्युटर लावला. प्रश्नसंचाच्या फोल्डरवर चाचांनीच शिकवलेल्या जागी जाऊन मी इजाजत काढून घेतली. फोल्डरखालचा हात गेला. आमची सगळी वर्षं त्या फोल्डरात होती आणि ती उचलून तो निघून जाईल अशी मला भीती वाटली. भावाविषयी मला असं वाटलं, हे आज लिहितानाही जड जातं.

दुसऱ्या दिवशी तो खाली आला. "अण्णा, खालचं काही दिसत न्हाई. रविवारचा पेपर त्यातच हाय. चाचांना बोलावू का?"

नको कसं म्हणणार? बोलव म्हणालो.

चाचा आले, टेबलामागे जाऊन बसले. मी खुर्चीवर, भाऊ माझ्या पाठीशी उभा. दिवा बघितला, ठीक होता. हाक मारली, ओ आली. मोहल्ला मी वाचून दाखवला, एकच होता. आता इजाजतीशिवाय काही उरलं नव्हतं आणि ते चाचांना माझ्याआधी कळलं असणार. पडदा माझ्यापुढे होता आणि त्याच्या मागून चाचांचे फक्त पाय दिसत होते.

"छोटे सर, तुम्ही वर जाऊन बसा," ते म्हणाले. "मी आवाज दिला की बघा."

भाऊ वर गेला. चाचांनी जिन्यावरची पावलं थांबू दिली.

"सर, हात दिसतोय का?"

खोटं बोलायची तयारी करून बसलो होतो, पण हो म्हणवेना. चाचा उठून पुढे येतील आणि पडद्यावर बघतील असं वाटलं. ते आले नाहीत.

"नसंल तर आता येऊ द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "मी मागं बसलोय. मला काय दिसत न्हाई."

मी इजाजत दिली. हात आला. चाचांनी जिन्याकडे तोंड करून आवाज दिला आणि वरून भाऊ ओरडला, आलं म्हणून. फाइल मोठी होती, वर जायला वेळ लागणार होता. हिने चहा आणून दिला. चाचा तिथेच फरशीवर बसून बशीतून चहा पीत होते. मी त्यांच्यासमोर खाली जाऊन बसलो. पहिल्यांदाच मी कॉम्प्युटरची मागची बाजू नीट पाहिली.

मला त्यांची माफी मागायची होती, की भावाची, तेही कळत नव्हतं. त्यांनी ती वेळच येऊ दिली नाही. आपणहून बोलायला लागले. निलंग्याला त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं रेडिओचं दुकान होतं. दोघांनी मिळून काढलेलं. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा चाचांनी आपलं नाव टाकलं आणि पुढे लिहून घेतलं, अँड ब्रदर. पाटी बघून धाकटा म्हणाला, मला नाव न्हाई का? त्यावरून वाजलं. धाकटा सासुरवाडीच्या गावाला निघून गेला आणि तिथे त्याने आपलं दुकान टाकलं. दोन वर्षं बोलणं नाही.

"मग भूकंप झाला," चाचा म्हणाले. "मी पोचलो तवा गावच न्हवतं. दगडमाती उपसून राहिले होते लोक. भाऊ घावला न्हाई लवकर. दुकानाची पाटी आधी घावली."

बशी त्यांनी खाली ठेवली.

"त्याचं नाव होतं, सर. नि पुढं, अँड ब्रदर."

ते रडले नाहीत. माझेच डोळे भरून आले, आणि ते बघायला लागू नये म्हणून की काय, चाचा पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

तेवढ्यात भाऊ खाली आला. काय झालं होतं, असं त्याने विचारलं. चाचांचा हात पिशवीतून बाहेर आला तो निळी वायर घेऊनच. मधोमध काळी टेप. हेडमास्तरांच्या घरची तीच.

"वायर खराब होती, छोटे सर. बदलली. वायरचा काय भरवसा."

भावाने वायर हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि बरं झालं म्हणून परत दिली. मी खाली बघत होतो.

जूनमध्ये त्याने वेगळा क्लास काढलाच. मी त्याला थांबवलं नाही. प्रश्नसंच मात्र उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मीच सीडीवर घालून वर नेऊन दिला आणि त्या वर्षीच्या पुस्तिकेवर पहिल्यांदा दोन नावं छापली. क्लास दोन झाले, घर एकच राहिलं. दिवाळीला दोन्ही क्लासचे मास्तर आमच्याच अंगणात फराळाला असतात. मोठेपणा माझ्या अंगी होता म्हणून हे झालं असं कुणी म्हणालं तर मी ते तिथल्या तिथे खोडून काढतो.

पुढे बिनवायरीचं नेट आलं. चाचा म्हणायचे, आता दोष कुणाला द्यायचा? वय झालं तसे ते नांदेडला मुलाकडे राहायला गेले. त्याचं तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात चाचा गेल्याचा फोन आला आणि आम्ही दोघं भाऊ एस.टी.ने नांदेडला गेलो.

मुलगा दुकानाच्या मागच्या खोलीत आम्हाला घेऊन बसला. खुंटीला चाचांची पिशवी होती. त्याने ती काढून आमच्यापुढे ठेवली. पकड, टेस्टर, चष्म्याची डबी आणि निळी वायर. मुलगा म्हणाला, "अब्बांनी ही कुणाला टाकू दिली न्हाई. मी टेप काढून तपासली, दोनदा. चांगली हाय ही. काय बी बिघाड न्हाई हिच्यात. टेप कशाला लावली होती, अल्ला जाणे."

भावाने ती वायर मागून घेतली. मुलाने कागदात गुंडाळून दिली.

परतीच्या एस.टी.त त्याने मला खिडकीजवळ बसवलं. लोहा गाव मागे पडलं तरी पुडी त्याच्या मांडीवरच होती. मग त्याने कागद उघडला आणि वायरीवरून अंगठा फिरवला.

"आपली वायर करडी होती, अण्णा," तो म्हणाला. "मीच आणली होती की."

मी त्याच्याकडे बघितलं. निळी वायर हातात घेतली तेव्हाच त्याला कळलं असणार, हे इतकी वर्षं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तो रागात नव्हता. त्याने कागद पुन्हा नीट गुंडाळला आणि पुडी माझ्या हातात दिली. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा तो खाली उतरला आणि दोन चहा घेऊन आला.