ओळीमागे एक डोसा

तापलेल्या बिडाच्या तव्यावर पीठ चर्र करून पसरलं, की आजही माझ्या ओठांवर एक न कळणारी तमिळ ओळ येते.

बाहत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. नागापूर गावात आमच्या शेजारी जानकी राहायची. तिचे वडील मद्रासकडून कारखान्यात नोकरीला आलेले. जानकी दिवसभर आमच्यात 'व्हय, न्हाई' करत हिंडायची आणि आईलाही मराठीतच उत्तर द्यायची. म्हणून तिच्या आईने, म्हणजे आमच्या मामींनी, नियमच केला होता: जुन्या तमिळ कवितेची ओळ म्हटल्याशिवाय ताटात डोसा पडणार नाही. एका रविवारी जानकी ओळ म्हणायची नाही म्हणून रुसून बसली. तिळाच्या तेलाचा वास घरभर सुटलेला. ऐकून ऐकून पाठ झालेली ओळ मीच घडाघडा म्हणून टाकली.

"मामी, याचा अर्थ काय हो?"

"अर्थ मग. आधी तोंडात बसू दे," म्हणत त्यांनी डोसा उलटला.

मामी गेल्या वर्षी गेल्या. परवा जानकीचा फोन आला. "आईची ती ओळ तुला येते का गं? मला आठवतच नाही."

मी म्हणून दाखवली. मग इतक्या वर्षांचं कुतूहल आवरेना. "अर्थ काय गं तिचा?"

"थांब," ती म्हणाली, "आधी तोंडात बसू दे." आणि माझ्यामागून एकेक शब्द म्हणू लागली.