कैलासचा कान

अंबरनाथ पूर्वेला कैलास भोईरला लोक नावापेक्षा कानाने जास्त ओळखायचे. गाड्यांचे शौकीन उल्हासनगरहून, पार कल्याणहून त्याच्याकडे येत. टर्बो लावलेलं इंजिन हावरट. हवा कोंबून कोंबून घेतं. त्या हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की आत ताप वाढतो, पेट्रोल आपोआप भडकतं आणि पिस्टनवर घण बसायला लागतात. बाहेर ऐकू येते ती फक्त बारीक टिकटिक. ती पकडायला कैलास इंजिनला तांब्याची नळी जोडायचा, नळीला रबरी पाइप, आणि पाइपाचं टोक स्वतःच्या कानात घालून गाडी हाकायचा. लोक डॉक्टर म्हणून चिडवायचे. त्याला ते मनातून आवडायचं, उगाच कशाला लपवा!

शेजारी मुलगी तेजस्वी लॅपटॉप घेऊन बसे. बाप सांगेल तसं पेट्रोल कमी-जास्त करायचं, हे तिचं काम. टिकटिक नसेल तर तोडायचं, म्हणजे गाडीला जोर येतो; टिकटिक आली की वाढवायचं. लॅपटॉपवरच्या आकड्यांवर कैलासचा काडीचा विश्वास नव्हता.

त्या दिवशी सोनिवलीच्या सोहमची गाडी होती. म्हाताऱ्या आईला घेऊन तो घाटातून गावी जाणार होता. बारवी धरणाच्या चढावर कैलासने पाय पूर्ण दाबला.

"साफ आहे. अजून लीन कर, पेट्रोल तोड."

"केलं, बाबा."

"अजून. काय आवाज नाय."

"केलं."

चढ संपताच त्याने गाडी बंद केली आणि नेहमीसारखे प्लग काढले. एवढं पेट्रोल तोडल्यावर प्लग पांढरा पडायला हवा. हातात आला तो बिस्किटाच्या रंगाचा, म्हणजे पोटभर पेट्रोल मिळालेला. चारही तसेच.

"तेजू, किती लीन केलंस?"

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "नाही केलं. उलट वाढवलं. इंजिन ठोकत होतं, बाबा. मला तर सीटवर बसून ऐकू येत होतं."

"आणि आधीच्या गाड्या?"

ती धरणाच्या पाण्याकडे बघत राहिली. "दिवाळीपासून."

कैलासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन शब्द तोंडावर आलेसुद्धा. पण ते बोलण्याआधीच त्याला एकेक गाडी आठवायला लागली. त्याचा हात हातात घेऊन, आभार मानून गेलेली माणसं आठवली. तेजू त्याच्या शब्दावर चालली असती तर त्यातलं एखादं इंजिन भर घाटात फुटलं असतं. त्याला लाज वाटलीच, पण जास्त लागलं ते दुसरंच. एवढे महिने ही पोर एकटी भार वाहत होती, आणि कौतुक झालं की बापाकडे बोट दाखवत होती.

दोघं परतले. गॅरेजवर सोहम वाट बघत होता.

"काका, कान लावून बघितलीत ना? मग मला टेन्शन नाही."

तेजस्वी घाईने म्हणाली, "हो, बाबांनी..."

"थांब," कैलास म्हणाला. "सोहम, माझा कान गेलाय. दिवाळीपासून सगळ्या गाड्या हीच करते. तुझी पण हिनेच केलीय. काय विचारायचं ते हिला विचार."

सोहम तिच्याकडे वळला. पेट्रोल किती वाढवलं आणि का, ते तेजस्वी सांगायला लागली. सांगता सांगता तिचा आवाज भरून आला. तो मात्र कैलासला नीट ऐकू आला.