करडईच्या तेलावर पोसलेली मोटार

मी 'अ'च्या आधी 'बंधूंनो' वाचायला शिकलो. वडील सभांमधून आणतील ती पत्रकं हीच आमच्या घरातली पुस्तकं. त्यामुळे संस्थानाच्या विलीनीकरणानंतरच्या त्या वर्षांत, माझी मिसरूड फुटते न फुटते तोच धाराशिवात कुणाला सडेतोड पत्रक हवं असलं की माणसं माझ्याकडे येऊ लागली. गल्लीतल्या म्हाताऱ्या वकीलसाहेबांनी बोलावलं तेव्हा वाटलं, कुठं तरी अन्याय झाला असणार. निघाली मोटार.

मोटार छोटीशी, विलायती, बाटलीसारखी हिरवी. दोनच माणसांची. वरचा कापडी टप मागं घडी होऊन पडायचा आणि बसणाऱ्याच्या डोक्यावर नुसतं आभाळ. वकीलसाहेबांनी ती वीस वर्षं पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती. आता ते खऱ्या पोरीकडं पुण्याला निघाले होते आणि तिच्या बोळात सायकल आडवी लावली तरी वाट बंद व्हायची. सोलापूरचा एक जुन्या मोटारींचा व्यापारी शनिवारी यायचा होता. तो गाडी खोलणार, इंजिन पिठाच्या गिरणीला देणार, चाकं आणखी कुणाला.

"त्याच्या आधी चालवणारं गिऱ्हाईक मिळालं पाहिजे," वकीलसाहेब म्हणाले. "चांगला इश्तेहार लिहून दे."

"दोघांनी बसायचं आणि शंभरांनी धूळ खायची. असल्या वस्तूची जाहिरात मी लिहिणार नाही."

"तू धूळ खा, पण लिही."

निदान खरं तरी लिहावं म्हणून मी गाडी तपासायला बसलो. उठलो तेव्हा माझ्या पांढऱ्या खादीच्या पायजम्यावर मागं दोन पिवळे चंद्र उगवले होते. चौकशी केली तर कळलं, वकीलसाहेबांच्या शेतावर विहिरीच्या मोटेचं चामडं करडईच्या तेलानं टिकायचं. तोच न्याय त्यांनी मोटारीच्या चामडी बैठकीला लावला होता. दर आठवड्याला, न चुकता, वीस वर्षं. एकही चीर नव्हती, पण दाबलं की तेल यायचं.

मी लिहिलं, 'बंधूंनो, गाडी उत्तम चालते. टप शाबूत. मात्र बैठकीत तेल मुरलेलं आहे. पांढरी वस्त्रं घालून बसणाऱ्यानं विचार करून बसावं.'

वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हा इश्तेहार आहे की माझ्यावरची फिर्याद?"

"खरं छापायचं नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्या."

त्यांनी मला वळवून पायजम्याची मागची बाजू बघितली. मग म्हणाले, "छाप. पुरावा तूच घालून हिंडतोयस."

बाजारात पत्रकं वाटली आणि अंगणात गर्दी झाली. घेणारं कुणी नव्हतं. लोक बोट दाबून तेल बघायचे, हसायचे, जायचे. एकजण दिवा घेऊन येतो म्हणाला. शुक्रवार उजाडला तसा वकीलसाहेबांचा आवाज बसला. माझ्या खरेपणानं गाडी गिरणीला लागणार, हे ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

दुपारी तामलवाडीचा एक बागायतदार बायकोला घेऊन आला. ज्यांच्याविरुद्ध मी पत्रकं लिहायचो, त्यांच्यातलाच. मोठा फेटा, मोठी जमीन. तो गाडीभोवती फिरला, चाकाला लाथ मारून बघितली. बाई मात्र सरळ बैठकीपाशी गेल्या, तळहात घासून वास घेतला.

"वकीलसाहेब, ही गाडी हाय का लोणच्याची बरणी?"

वकीलसाहेब रुमालानं बैठक पुसू लागले.

"तेल लई झालंय, चामडं न्हाय बिघडलं," बाई म्हणाल्या. "जवारीचं पीठ आणा."

पीठ आलं. बाईंनी पदर खोचला, बैठकीवर पीठ पसरून चोळलं, ऊन लागू दिलं, झटकलं, पुन्हा चोळलं. शिवणींच्या कडा बोटानं, हळू. तिसऱ्या खेपेला पीठ कोरडं निघालं. वकीलसाहेब एवढा वेळ पीठ बघत नव्हते. ते त्या बोटांकडं बघत होते.

"चालवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"म्या," बागायतदार म्हणाला. "बैल शिकत्यात, म्या न्हाय शिकायचो व्हय?"

"तुमी बैलालाबी शिव्या देऊन शिकवता," बाई म्हणाल्या. "हिला शिवी न्हाय चालायची."

वकीलसाहेब मोठ्यानं हसले. त्यांनी किल्ली बागायतदाराच्या पुढं आलेल्या हाताला वळसा घालून बाईंच्या तळहातावर ठेवली. "ही यांच्याकडं राहील. या देतील तेव्हा तुम्ही चालवायची."

"मंजूर," तो म्हणाला, जरासा ओशाळून. मला तो माणूस आवडू लागला, आणि त्याचा रागही आला. एवढ्या जमिनीचा माणूस आवडणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

त्याला चालवता येईपर्यंत पुण्याला जायचं नाही, असं वकीलसाहेबांनी तिथंच ठरवलं. त्यांनी टप मागं पाडला, शेजारी बाईंना बसवलं आणि गाडी तामलवाडीच्या वाटेला लावायला निघाले. बागायतदाराला जागाच नव्हती. तो फेटा सावरत बसच्या थांब्याकडं निघाला.

जाताना वकीलसाहेबांनी सोलापूरच्या व्यापाऱ्याला द्यायचा निरोप मला लिहायला सांगितला. मी नफेखोरीवर पानभर लिहिलं. गाडी चालू ठेवूनच त्यांनी ते वाचलं, एक ओळ सोडून सगळं खोडलं आणि कागद परत दिला. उरलं होतं एवढंच: 'गाडी चालवणाऱ्या घरी गेली. येऊ नये.'