बिनतर्रीचा अल्बम

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. ती दोन महिन्यांपूर्वी गेली. मी सावकाश लिहिणारी बाई आहे, तेव्हा तुम्हालाही सावकाशच वाचावं लागेल.

आधी बँडबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ‘रणरण’ हा चार मुलींचा रॉक बँड. मराठीत गायचा. गावोगावी कॉलेजांतून कार्यक्रम करायचा, नागपूरला तर वर्षातून दोनदा यायचा. त्यांचे तीनच अल्बम निघाले. पहिले दोन दणदणीत होते. ड्रम वाजवणारी मुलगी अशी वाजवायची की समोरच्या खुर्च्या थरथरत. तिसरा अल्बम ‘दुपार’. संथ, कोरडा, आवाज खाली ठेवलेला. तो कुणालाच आवडला नाही. त्यानंतर बँडही फुटला.

आम्ही नागपूरचे दहा-अकरा जण त्यांचे वेडे चाहते. भूषणचा धरमपेठेत फोटो स्टुडिओ आहे. तिथे महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, आम्ही जमायचो. एक अल्बम लावायचा, ऐकायचा आणि मग पोहे खात भांडायचं. अजूनही जमतो. वयं वाढली, भांडणं तीच आहेत.

मी ग्रंथपाल. एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली. त्यामुळे त्या मंडळींत मी ‘मॅडम’. मी बोलले की बाकीचे ऐकत. मला ते आवडायचं — हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आणि शोभा. शोभा उमरेडची, लग्न होऊन नागपूरला आलेली. शिवणाचे क्लास घ्यायची. पहिल्या दिवशी स्टुडिओत आली तेव्हा दारातच म्हणाली, “मले इंग्रजी गाणे समजत नाही, पन या पोरी माझ्या भाषेत बोंबलतात, म्हनून आली.” भूषण म्हणाला, “ताई, आम्ही पन त्याच्यासाठीच येतो. फक्त मॅडम कविता समजून ऐकतात.” सगळे हसले. शोभा माझ्या शेजारी येऊन बसली ती पुढची पंधरा वर्षं तिथेच.

‘दुपार’ निघाला तेव्हा बँडनं तो दुकानात दिलाच नाही. अमरावतीच्या कार्यक्रमानंतर थोड्या डिस्क विकल्या. आमच्यातली एकटी शोभा तिथे होती. साध्या पुठ्ठ्याचं घडीचं कव्हर आणि आत डिस्क. तिनं चार दिवस ती घरी ऐकली आणि मग माझ्या हातात दिली — “सगळ्यांले कॉपी करून दे वं. तुले कॉम्प्युटर येते.”

मी कॉपी केली. इथे थोडं थांबायला हवं. संगणकावर गाणी उतरवली की नुसते आकडे दिसत — ट्रॅक एक, ट्रॅक दोन. मला ते गबाळं वाटलं. मी कव्हर समोर ठेवून प्रत्येक आकडा पुसला आणि तिथे गाण्याचं नाव नीट देवनागरीत लिहिलं. आयुष्यभर पुस्तकांना नावं चिकटवणारी बाई दुसरं काय करणार? आकडे गेले आणि संगणकानं नावं अकारविल्हे लावली. माझ्या कपाटातली पुस्तकं लागतात तशीच. मी पाहिलं. डोळ्यांना बरंच वाटलं, म्हणून काही खटकलं नाही. तशाच डिस्क बनवल्या आणि वाटल्या.

मग मी ऐकला. पहिलंच गाणं ‘अंगण’, त्यात कुणी बाई माहेरच्या अंगणात उभी. तिसरं ‘किल्ली’, त्यात तीच बाई घराला कुलूप लावून किल्ली शेजारी देते. बसची खिडकी आधी येते आणि बसथांबा नंतर. शेवटचं गाणं ‘बारा चाळीस’, बसची वाट पाहण्याचं — आणि तिथेच अल्बम संपतो. मला वाटलं, पोरी दमल्या. मी आमच्या मंडळींसाठी दीड पानाचा लेख लिहिला. त्यातला ‘विस्कळीत’ हा शब्द सगळ्यांना पटला. आणि एक वाक्य तर फारच पटलं. ‘हा बिनतर्रीचा अल्बम आहे’ असं मी लिहिलं होतं.

तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो झणझणीत रस्सा. नागपुरात तर्रीशिवाय पोहे खाणाऱ्याकडे लोक आजारी माणसासारखे पाहतात. पुढच्या रविवारी भूषणनं नियमच केला. जो ‘दुपार’ची बाजू घेईल त्याला पोहे बिनतर्रीचे.

त्या रविवारी शोभानं बाजू घेतली. “एकच गोष्ट हाय ना पूर्ण,” ती म्हणाली. “बाई किल्ली ठेवून निघते अन् शेवटी अंगनात पोचते.”

“ताई, अंगनात तर ती पहिल्याच गाण्यात पोचली,” भूषण म्हणाला. “मग निघाली कायले? पाय मोकळे कराले?”

“नाही गा. पहिलं किल्ली हाय.” आणि ती माझ्याकडे वळली. “माधवी, कव्हर तुह्याजवळच हाय ना? त्याच्यावर नंबर असन. सांग वं यायले.”

त्या क्षणी मला सगळं कळलं. पुसलेले आकडे, नावांची रांग, माझा लेख, सगळं एकदम. कव्हरवर आकडे होते. मीच ते समोर ठेवून नावं लिहिली होती. एक वाक्य पुरलं असतं — ‘थांबा, चूक माझी आहे.’ लोक हसले असते, मलाही एक दिवस बिनतर्रीचे पोहे मिळाले असते. एवढंच ना?

मी म्हणाले, “कव्हरवर क्रम नाहीये गं. नुसती नावं आहेत.”

शांतपणे म्हणाले. आवाज हलला नाही. पुस्तक कुठे आहे ते सांगताना जसा हलत नाही, तसा.

शोभानं पुढे वाद घातला नाही. बिनतर्रीचे पोहे घेतले आणि लिंबू पिळून खाल्ले. चार दिवसांनी मी तिची डिस्क परत केली ती नव्या प्लास्टिकच्या डबीत. कव्हर पावसात भिजून फाटलं, म्हणून तुझ्यासाठी ही छान डबी आणली, असं सांगितलं. तिनं डबी दोन्ही हातांनी धरली. “इतकं काहून केलं वं?” म्हणाली. कव्हर माझ्या घरी जाड शब्दकोशाच्या पानांत होतं, कोरडं.

पुढच्या महिन्यात तिनं एकदा सांगून पाहिलं, “माह्या घरी तर किल्लीच पहिले वाजते.” तिचा प्लेअर जुना होता, मध्येच अडकायचा, त्यावर आमच्यात नेहमीच विनोद चालत. भूषण म्हणाला, “ताई, तुमचा प्लेअर उलटा चालते, गाडीले इंजिन मागून लावलं असन.” सगळे हसले. मीही हसले. तिची डिस्क इथे आणून लावून पाहू, एवढं म्हणणारा एक जण पुरे होता. तो एक जण कोण असायला हवा होता, हे तुम्हाला सांगायला नको.

घरी जाताना ती म्हणाली, “तू शिकलेली हायेस. माह्यंच काही चुकत असन.”

आता सगळ्यात वाईट गोष्ट सांगते. अल्बममधली गोष्ट शोभाला का दिसली, हे मला ठाऊक होतं. तिनं फक्त मला सांगितलं होतं. मुलगी चार वर्षांची असताना ती एकदा अशीच शेजारी किल्ली देऊन, एका पिशवीनिशी, मुलीचा हात धरून उमरेडच्या बसमध्ये बसली होती. दोन महिने माहेरी राहून परत आली. त्या अल्बमात कुणीतरी तिची दुपार गायली होती. आणि तशी गोष्ट त्यात नाहीच, तुला ऐकता येत नाही, असं मी तिला पटवलं. बारा वर्षं ती त्या स्टुडिओत बिनतर्रीचे पोहे खात राहिली — हसत, दर वेळी, कारण ‘दुपार’ची बाजू तिनं कधी सोडली नाही. फक्त गोष्टीबद्दल बोलायचं सोडलं. “मले आवडते, बस,” म्हणायची.

कव्हरबद्दल तिनं तीनदा विचारलं. शेवटचं आजारपणात. मी मोसंबी सोलत होते. “त्या डिस्कचं कव्हर कधी सापडलं काय वं?” फाटलेली वस्तू सापडते का? माझं खोटं तिला उमगलं होतं का? मला माहीत नाही. मी म्हणाले, “नाही गं.”

मागच्या महिन्यात तिच्या घरी सगळे जमलो. तिची मुलगी पूर्वा आता मोठी आहे, नोकरी करते. तिनंच बोलावलं होतं. म्हणाली, आईचा आवडता अल्बम लावू, मावशी, गाणी तुम्हीच घेऊन या, आमचा प्लेअर तर कधीच बंद पडला. मी घरी बसून गाण्यांना आकडे परत दिले, एक ते नऊ, कव्हर पाहून. मनात म्हटलं, ऐकून झालं की सांगायचं. खरंच ठरवलं होतं.

‘किल्ली’नं सुरू झालं. पिशवी, थांबा, बारा चाळीस, मग खिडकी, धूळ. पोहे गार झाले. ‘अंगण’ सुरू झालं तेव्हा भूषण चष्मा काढून डोळे पुसत होता. गाणं संपल्यावर तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही क्रम लावला ना हा? ताईसाठी? आता पाहा कशी गोष्ट झाली.” पूर्वानं माझे हात धरले. “मावशी, आई म्हणायची तशीच केली तुम्ही ती. थँक्यू.”

मी मान हलवली.

नकारार्थी नाही. होकारार्थी. जे शोभानं पहिल्या चार दिवसांत एकटीनं ऐकलं, ते तिच्याच घरात, तिच्याच फोटोसमोर मी माझ्या नावावर घेतलं. पहिली चूक हातून झाली होती. बाकीचं मी केलं.

हे लिहिलेलं पूर्वाला देणार आहे, आणि एक प्रत भूषणकडे, सगळ्यांसमोर वाचायला. माझा जुना लेख त्यांच्याकडे असेलच. त्यातला ‘विस्कळीत’ हा शब्द माझ्या कामाबद्दल होता, असं वाचावं.

कव्हर पूर्वाच्या पाकिटात ठेवते आहे. फाटलेलं नाही, भिजलेलं नाही. घडीवर थोडं पिवळं पडलं आहे. आत आकडे स्पष्ट छापलेले आहेत. एकसमोर ‘किल्ली’, नऊसमोर ‘अंगण’.