लिंडर्सबाखचा न्हावी

एगॉन हार्के धंद्यानं न्हावी, आणि दुकान थाटलं ते लिंडर्सबाखमध्ये! हे डोंगरातलं गाव दर दहा वर्षांनी ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांचं नाटक उभं करतं, आणि त्याआधी वर्षभर गावातला एकही पुरुष केसांना कात्री किंवा गालाला वस्तरा लावू देत नाही. मासे सोडलेल्या गावात कोळ्यानं बिऱ्हाड करावं, तशी गत. पण बायको इथली, म्हणून एगॉन उत्तरेच्या बंदरातून घरजावई होऊन आला. घरजावयाला घर मिळतं, गाव मिळत नाही.

गाव मिळायचं ते रंगमंचावर. तिथं पाऊल टाकायचं तर जन्म इथला हवा, नाहीतर वीस वर्षांचं वास्तव्य. पहिल्या नाटकाला तो नवखाच ठरला. दुसऱ्याच्या वेळी वीस भरायला एक हिवाळा कमी पडला. दोन्ही वेळा बिचाऱ्यानं दारावर तिकिटं फाडली. तिसऱ्या खेपेला मात्र हक्क झाला. आणि मागणी ती केवढीशी? यरुशलेमच्या गर्दीत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. संवादही नको.

भूमिका जाहीर झाल्या. एगॉन हार्के : रोमन शिपाई. म्हणजे यरुशलेमवर राज्य करायला बाहेरून आलेल्यांपैकी.

"क्विरिन, इतकी वर्षं परका म्हणून बाहेर ठेवलंत, आणि आता आत घेताय तेही परका म्हणूनच?"

दिग्दर्शक क्विरिन एरवी सुतार. त्यानं एगॉनचं तुकतुकीत टक्कल मापात घेतल्यासारखं न्याहाळलं. "हार्केसाहेब, गर्दीला जटा लागतात, दाढ्या लागतात. तुमच्या हनुवटीवर वर्षभरात सात केस आले. देवानंच तुम्हाला रोमन घडवलंय, मी काय करू?"

पहिला प्रयोग. घंटा झाली, पडदा सरला. भाला आडवा धरून एगॉन साऱ्या गावाला मागे रेटू लागला. समोरच वॉल्बुर्गा खाटकीण, दुकानात त्याच्याशी 'अहो हार्केसाहेब'शिवाय न बोलणारी. तिचा संवाद कुठल्या कुठे गेला.

"ए टकल्या रोमना, पाय काढ की माझ्या पायावरून!"

अख्खं यरुशलेम खुदखुदलं. एगॉननं झटकन पाय मागे घेतला. प्रेक्षकांना वाटलं, काय हा अभिनय!

उन्हाळाभरात नाव चिकटलं. पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'रोमन'. लिंडर्सबाखमध्ये पाहुण्याला टोपणनाव देत नाहीत. पाहुण्याशी सभ्यपणे वागतात.

शेवटचा प्रयोग झाला आणि दुसऱ्या सकाळी दुकानापुढं दाढ्यांची ही रांग!

"रोमना, आमच्या म्हाताऱ्याला आधी घे रे," वॉल्बुर्गा रस्त्यावरूनच ओरडली. "सूप मी करते आणि पिते मेल्याची दाढी!"

खुर्चीकडे निघालेला माणूस अदबीनं थांबला. शाळेतला मास्तर, गावात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेला. "पण नंबर माझा आहे हो, हार्केसाहेब."

एगॉननं टॉवेल झटकला. स्वर अगदी मऊ.

"बसा ना गुरुजी, बसा. तुम्ही बाहेरचे, तुम्हाला इथली रीत ठाऊक नाही. आधी आम्हा गाववाल्यांचं होऊ द्या."