सोवळी आणि ओवळी

आमच्या भांडुपच्या इमारतीच्या गच्चीवर दोन सौर पॅनेलं होती. वडील एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. ते त्यांना पाट्या म्हणत. मिठागरांवरून येणारा खारा वारा, कारखान्यांचा धूर आणि चार महिन्यांचा पाऊस सोसून या पाट्या किती वर्षं वीज देतात, हे त्यांना पाहायचं होतं. एक पाटी रोज पुसायची, दुसरीला हात लावायचा नाही. पहिलीला ते सोवळी म्हणत, दुसरीला ओवळी. "ओवळीला शिवलीस तर आंघोळ माझ्या वहीला घालावी लागेल," म्हणत.

रोज बरोबर बारा वाजता दोन्हींच्या मीटरचा काटा वाचायचा आणि आकडा वहीत लिहायचा. असं पाच वर्षं करायचं ठरलं होतं. चौथं संपता संपता वडिलांनी अंथरूण धरलं आणि वही माझ्याकडे आली. त्याच सुमारास सांगलीच्या एका कॉलेजातून ग्रंथपालाच्या जागेचं पत्र आलं. महिनाअखेर रुजू व्हायचं होतं. वडिलांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली.

"चांगलं आहे. पण एक वर्ष राहिलंय गं. एक दिवस चुकला की सगळी ओळ तुटते."

मी बरं म्हटलं. पत्र वहीत ठेवलं. त्यानंतर माझा प्रत्येक दिवस बाराच्या खुंटीला बांधलेला राहिला. वाचनालयातल्या नोकरीवरून धावत यायचं, जेवण अर्धं टाकून जिना चढायचा. त्याच महिन्याच्या मध्यावर वडील गेले. त्यांना नेलं त्या दिवशीही मी बाराला वर जाऊन आले. माणसं खाली बसली होती.

अकराव्या दिवशी सुतक फिटलं. आईने घर धुतलं, भांडी घासली. बाराला मी वर गेले तर ती गच्चीवर उकिडवी बसलेली, हातात काथ्या, शेजारी राखेची वाटी. ओवळी लख्ख झाली होती.

"आई! हे काय केलंस?"

"काय म्हणजे? तेच म्हणायचे ना हिला ओवळी? आज घरात ओवळा काय ठेवतंत?" ती कोकणातलीच राहिली होती, बोलण्यात आणि घासण्यात. "चार वर्षं मेली कळकट पडलेली. बघ, कशी आरशासारखी झाली."

मी ओवळीचा काटा पाहिला. तो कालच्यापेक्षा थोडा चढला आणि थांबला, पहिल्या वर्षीच्या आकड्याच्या बराच खाली. रोज पुसलेल्या सोवळीचाही काटा तिथेच होता. मग मी वाकून नीट पाहिलं. दोन्हींच्या काचेखाली चहाच्या डागासारखा तपकिरी रंग पसरला होता आणि कडांतून शिरलेल्या पाण्याने आतल्या पट्ट्या गंजल्या होत्या. तिथवर कुठलाच काथ्या पोचणार नव्हता.

आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बिघडवलं काय गो मी?"

"नाही."

"मग आता रोज वर यायला नको ना? जा सांगलीला. माझं मी बघीन."

ओळ तुटली होती. वडिलांना दिलेला शब्दही तिच्याबरोबर संपला होता, आणि महिना संपायला अजून चार दिवस होते. मी आकडा लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'घासली.'

चार दिवस मी बॅग काढून ठेवली, भरली नाही. पाचव्या दिवशी बाराला जिना चढले, काटा वाचला, वही उघडली. सांगलीचं पत्र मधे येत होतं. ते मागच्या पानांत सरकवलं आणि आकडा लिहिला.