मेश्राम सर आणि न संपणारा शोध

मेश्राम सर वर्गात आले की आधी संगणकावर एक चिमुकला प्रोग्राम सुरू करून द्यायचे, मग हजेरी घ्यायचे. सहाला निःशेष भागणाऱ्या लहान संख्या एक, दोन, तीन. त्यांची बेरीज पुन्हा सहाच. असा गुण असलेली विषम संख्या शोधायची आणि सापडली की संपायचं, एवढंच त्या प्रोग्रामचं काम. आजवर अशी संख्या कुणालाच सापडलेली नाही, आणि ती नाहीच असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. तास संपताना सर विचारत, करू का बंद? आम्हाला कॅन्टीनची घाई, आम्ही हो म्हणायचो.

"काहून? पुढच्याच मिनिटाले सापडली तं?"

कोणताही प्रोग्राम दिला तरी तो कधी संपेल की नाही हे अचूक सांगणारी एकच रीत असूच शकत नाही, हे सरांनी असं आमच्या गळी उतरवलं. सिद्धता लिहिताना ते इतके रंगत, की घरी जायची त्यांची उमरेडची एसटी हमखास चुकायची. आमचा फार जीव होता त्यांच्यावर.

पण सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे घेतले तेवढ्याच तासांचा पगार, उन्हाळ्यात घरी, आणि दर जुलैत स्वतःच्याच जागेसाठी नव्याने मुलाखत. कायम जागेची जाहिरात यंदा निघणार, हे दरवर्षी कानावर येई. त्या आशेवर त्यांनी पुण्याच्या कंपनीची नोकरीही नाकारली. एम.टेक. झाल्यावर मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो, तेव्हा हा विषय निघाला. पाणी ठेवता ठेवता काकू सरांकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या मशीनले वय नसते. यायले आहे."

मुलगी बारावीला गेली, त्या वर्षी सरांनी मुलाखतीला जाणं सोडलं आणि गावातच शिकवण्या सुरू केल्या. रिकाम्या झालेल्या तासांसाठी कॉलेजने मला विचारलं. मी सरांना फोन केला.

"घे गा. पण किती वर्षं वाट पाह्याची, ते आजच ठरवून टाक. एकदा आत गेला का समजत नाही. मी पाहूनच राहिलो."

मी दोन वर्षं ठरवली. ती मागच्या जुलैत भरली. आज सकाळी पुन्हा मुलाखत देऊन आलो. जाहिरात यंदा नक्की निघणार म्हणतात.